अर्जुनाखालचा बोका

"ताई, ए ताई! करवतवाले उद्या सकाळीच येणार! माझ्या या दोन कानांनी ऐकलं!"

शंकासूर धापा टाकत गच्चीवर आला आणि वाळत घातलेल्या मुळ्यांवर पडता पडता वाचला. काखेत त्याची दुर्बीण होती. दुर्बीण म्हणजे कोठीच्या खोलीत सापडलेला पाईपचा हातभर तुकडा. मामाकडे आल्यापासून तो त्यातूनच सगळं जग बघत होता. शंकासूर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण दिवसभर शंका काढणाऱ्या मुलाला दुसरं काय म्हणणार? आणि त्याची थोरली बहीण एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून ती भिंगरी.

"उद्या? मामा तर म्हणाले होते, थोडे दिवस थांबू!"

"ठेकेदारकाका म्हणाले, वाळकं झाड भिंतीवर पडलं तर जबाबदार कोण? मग मामा 'बरं' म्हणाले. आणि ताई..." शंकासूर घुटमळला. "ते असंही म्हणाले, की पोरीसोरींनी साल ओरबाडल्यावर झाड वाळणार नाही तर काय होणार?"

भिंगरी उठली, कठड्यापाशी गेली, परत आली, पुन्हा कठड्यापाशी गेली. खाली मागच्या अंगणात अर्जुनाचं झाड उभं होतं. गुळगुळीत, पांढुरक्या बुंध्याचं आणि औषधशाळेच्या छपरापेक्षाही उंच. त्याची अर्धी बाजू अजून हिरवी होती. काढे उकळायच्या भट्टीच्या खोलीकडची बाजू मात्र पार खराट्यासारखी झाली होती.

मामा वैद्य होते. त्या झाडाच्या सालीचा काढा छातीच्या दुखण्यावर देत. साल काढायची त्यांची एक रीत होती. बुंध्याच्या एकाच बाजूची उभी पट्टी काढायची, आतला ओला पापुद्रा तसाच ठेवायचा आणि जखम भरेपर्यंत तिथे बोटही लावायचं नाही. पण गेल्या सुट्टीत भिंगरीला मदत करायची भारी घाई झाली. मामा दुपारी लवंडलेले पाहून तिने सुरी घेतली आणि तळहाताएवढी साल पार लाकडापर्यंत खरवडली. मामा ओरडले नव्हते. "त्यालाही लागतं गं," एवढंच म्हणाले होते. आणि आता वाळत होती तीच बाजू! या खेपेला आल्यापासून ती त्या बाजूला फिरकलीच नव्हती.

"रडायचं असेल तर पटकन रडून घे," मागून आवाज आला. "मग कामाला लागू!"

ही मामांची मुलगी, कप्तान. वर्गाची कप्तान झाल्यापासून ती घरातही हुकूम सोडायची आणि घरातले लोक हसत हसत ते ऐकायचे.

"कसलं काम?" भिंगरीने नाक पुसलं.

"तपासणीचं! आरोपी तूच आहेस की नाही, ते आधी झाडालाच विचारू. चला खाली!"

तिघंही धडधडत जिना उतरली. भिंगरी इतके दिवस त्या जखमेकडे बघायचं टाळत होती. आता तिने डोळे किलकिले करून बघितलं, मग पूर्ण उघडले. जखमेच्या चारही बाजूंनी नवी साल दुमडून आत सरकली होती. मधे जेमतेम बोट जाईल एवढी फट उरली होती.

"अगं, ही तर भरत आलीय!" कप्तान ओरडली.

"मग जखम भरतेय तर फांद्या का वाळताहेत?" शंकासुराने विचारलं.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या हजार शंकांमधली ही पहिलीच कामाची शंका होती!

मामा खलात काहीतरी कुटत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण मान हलवली. "कीड आतून पोखरते, बाळांनो. वरून कळत नाही. त्या जखमेतूनच शिरली असेल." मग भिंगरीचा चेहरा पाहून ते घाईघाईने म्हणाले, "तुझी चूक नाही गं. तुला मदतच करायची होती."

हे ऐकून भिंगरीला जास्तच वाईट वाटलं. चूक नाही म्हणायचं आणि जखमेतूनच कीड शिरली असंही म्हणायचं! शिवाय बोलताना मामांचा खल थांबला होता आणि डोळे अंगणाकडे वळले होते. त्यांना झाड तोडायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

भल्या सकाळीच तिला जाग आली. कूस बदलून बदलून कंटाळली, तशी ती अनवाणीच अंगणात गेली. हवेत चांगलाच गारठा होता. भट्टीच्या खोलीतून हंडे घासल्याचा आवाज येत होता. आणि अर्जुनाच्या बुंध्याशी, नुसत्या मातीवर, औषधशाळेचा लठ्ठ बोका पाय पसरून झोपला होता.

भिंगरी थबकली. हा बोका म्हणजे ऊबखाऊ नंबर एक! नुकत्याच उतरवलेल्या हंड्याचं झाकण, इस्त्रीचे कपडे, मामींची मांडी, यांच्याखाली तो बातच करत नसे. आणि आज या गारठ्यात चक्क ओल्या मातीवर?

"ऊठ रे, ढोल्या!" तिने त्याला ढकललं. बोका गुरगुरत दोन पावलं सरकला. भिंगरीने त्याच्या जागेवर पाय ठेवला आणि दचकून उचलला. पुन्हा ठेवला.

जमीन गरम होती! ऊन तर अजून अंगणात उतरलंही नव्हतं!

पुढच्याच क्षणी ती खोलीत दोघांची पांघरुणं ओढत होती. "उठा! झाडाखाली जमीन तापलीय!"

"ज्वालामुखी?" शंकासूर ताडकन उठून बसला.

"गाढवा, ज्वालामुखीवर बोका झोपेल का?" कप्तान चप्पल शोधत म्हणाली.

तिघांनीही पाय ठेवून पाहिले. जमीन गरमच होती. तिथे गवताची काडी उगवलेली नव्हती, मुंगीसुद्धा फिरकत नव्हती. भिंगरीने वळून भट्टीच्या खोलीकडे पाहिलं. घासण्याचा आवाज आता थांबला होता आणि पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"काका, हे पाणी कुठं जातं?" तिने दारातूनच विचारलं.

भट्टीवाले काका धुतलेला हंडा पालथा घालत होते. काढ्याची राप निघावी म्हणून रोज सकाळी ते सोडा घातलेल्या उकळत्या पाण्याने हंडे धूत. "जातं की मोरीतून! नवी फरशी घातल्यापासून एकदाही तुंबलं नाही बघ. पूर्वी मागच्या गल्लीतलं गटार कसं वाफाळायचं! हल्ली तेही नाही. छान काम झालंय."

"गटार वाफाळत नाही?" कप्तानने डोळे बारीक केले. "मग वाफ जाते कुठं?"

"आता ते मला काय ठाऊक?" काका म्हणाले. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. भट्टीच्या खोलीचं काम केलेले ठेकेदार आले होते. मागे दोन करवतवाले, खांद्यावर दोर आणि हातात ही मोठी करवत!

भिंगरी धावतच मामांकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. ठेकेदार पोट धरून हसले. "मांजराच्या साक्षीवर झाड ठेवायचं का आता? पाईप मी टाकलाय साहेब, स्वतः उभा राहून! सगळं पाणी थेट गल्लीत जातं. मुलांनो, बाजूला व्हा!"

मामांनी कपाळावरून हात फिरवला. "बाळांनो, कामाच्या माणसांना अडवू नका."

भिंगरीला रडू फुटणार होतं, पण कप्तानने तिला चिमटा काढला. तशी भिंगरीने आवाजात साखर घोळली. "काका, तुमचं काम एकदम पक्कं असणार! आम्हाला ते एकदा बघायचंय. हंड्यात मंजिष्ठेची लाल पूड घालून पाणी सोडतो. तुम्ही गल्लीत उभे राहून दाखवा, कसं धो धो लाल पाणी येतं! मग आम्ही स्वतः दोर धरू."

"एवढंच ना?" ठेकेदारांची छाती फुगली. "चला, बघाच!"

मामांनीही मान डोलावली. ठेकेदार गल्लीत गेले आणि त्यांच्यावर नजर ठेवायला दुर्बीण घेऊन शंकासूर गेला. कप्तान भट्टीत गेली. भिंगरीने खुरप्याने बोक्याच्या जागेवर गुडघाभर खड्डा खणला.

"दादा, तिथे बसू नका हं!" तिने एका करवतवाल्याला बजावलं. पण रिकामा खड्डा बघून तो मुळावर टेकला, चपला काढल्या आणि आत पाय सोडून म्हणाला, "अहाहा! काय ऊब आहे! तुमचं चालू द्या."

"सोडलं!" भट्टीतून कप्तान ओरडली.

भिंगरीचा जीव टांगणीला लागला. ती या पायावरून त्या पायावर नाचत होती. एव्हाना पाणी गल्लीत पोचलं असेल तर? आणि जमीन खरंच दुसऱ्याच कशाने तापली असेल तर? मग झाडही जाईल आणि जन्मभराचं खापर तिच्याच डोक्यावर!

"आई गं! मेलो!" करवतवाला हातभर उंच उडाला. "रक्त! झाडातून रक्त आलं हो! कढत रक्त!"

सगळे धावले. खड्ड्याच्या बाजूने लालभडक पाणी झिरपत होतं, त्यातून वाफा निघत होत्या. मामा गुडघ्यांवर बसले, त्यांनी बोट बुडवून वास घेतला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मंजिष्ठा," ते म्हणाले. "आणि सोडा. रोज सकाळी आपण याच्या मुळांवर हे ओततोय!"

गल्लीतून आवाज येत होते. "काका, पाणी उलटं चढतं का? काका, मधेच दमतं का?" आणि त्यावर, "अरे, येईल! उतार जरा कमी आहे, इतकंच!"

मामा फाटकाशी गेले. "ठेकेदार, उतार किती कमी आहे? झाडाच्या मुळापर्यंतच पोचतो का?"

ठेकेदारांनी खड्डा पाहिला आणि कपाळाला हात लावला. मामांनी त्यांच्याच माणसांना झाडाजवळच्या कोपऱ्यातल्या फरश्या उचलायला लावल्या. खाली पाईप होता, नवाकोरा. पण भिंतीच्या अलीकडेच त्याचं तोंड मातीत उघडं होतं! गल्लीकडचं टोक पलीकडे वाट बघत बसलं होतं. मधला तुकडा बसवायचा विसरून वर फरशी घातली होती.

"हातभर तुकडा कमी पडतोय," भट्टीवाले काका म्हणाले.

शंकासुराने एकदा फटीकडे पाहिलं, एकदा आपल्या दुर्बिणीकडे. मग मोठ्या दुःखाने ती फटीत ठेवली. अगदी चपखल बसली!

"जमिनीखाली बघायचं कुणालाच सुचलं नाही," मामा ठेकेदारांना म्हणाले, "तुम्हाला नाही आणि मलाही नाही. रोज या झाडापाशी येतो मी! पण तुम्ही तयार उत्तर दिलंत आणि मी ते घेतलं." मग ते भिंगरीकडे वळले. "सगळ्यांत वाईट म्हणजे ते मी तुझ्या माथी मारलं. चुकलं माझं, बाळ. तू पायाने जे ओळखलंस, ते मला डोळ्यांनी दिसलं नाही."

भिंगरीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं. मामींनी तिघांनाही जवळ घेतलं, आणि करवतवाला पाय चोळत म्हणाला, "पोरं भारी आहेत हो! पण पुढच्या वेळी मला जरा मोठ्याने सांगा!"

करवत चालली, पण फक्त वाळक्या फांद्यांवर. पाईप जोडला गेला. शंकासुराला नवी दुर्बीण ठेकेदारांनाच आणून द्यावी लागली. खराब माती काढून नवी घातली, आणि रोज गार पाणी घालायचं काम मामांनी भिंगरीवर सोपवलं. झाड पुरतं सावरेपर्यंत सालीला कुणी हात लावायचा नाही, असंही ठरलं.

सुट्टी संपायच्या दिवशी सकाळी ती बुंध्याशी गेली. वाळक्या बाजूच्या एका फांदीवर तांबूस कोंब फुटले होते. तिने चपला काढल्या आणि मुळावर बसून मातीवर पाय टेकवले.

जमीन गार होती. छान गार!

एवढ्यात बोका आला. त्याने आपली जागा हुंगली, पंजा टेकवला, झटकला आणि भिंगरीकडे असं काही रागाने पाहिलं, की तिला हसूच फुटलं. शेपटी ताठ करून तो भट्टीच्या खोलीकडे निघून गेला. आतून मामींची हाक आली, मग कप्तानची, मग शंकासुराची. भिंगरी मात्र पाय मातीत रोवून तशीच बसून राहिली. आज तिला कुठेच जायची घाई नव्हती.