जित्यांची चिठ्ठी

रविवारी सकाळी आग्राफेना चर्चमध्ये चिठ्ठी द्यायला निघाली, तेव्हा सासू फेव्रोनियाने तिला रस्त्यातच गाठलं. क्रोनश्टाट या रशियन आरमारी बंदरातल्या चर्चमध्ये चिठ्ठ्या दोन असतात, लाल क्रुसाची जित्यांसाठी आणि काळ्या क्रुसाची मेलेल्यांसाठी. पाद्री त्यांतली नावं मोठ्याने वाचतो. मेलेल्याचं नाव जित्यांत घालू नये, असं म्हातारी फेव्रोनिया सात महिने कानीकपाळी ओरडत होती. स्वतःच्या पोराबद्दल हे बोलताना तिचंही काळीज फाटत असणार, पण आग्राफेना या कानाने ऐकायची आणि त्या कानाने सोडून द्यायची.

तिला लाडाने 'ग्रुशा' म्हणणारा तिचा नवरा येव्सेय 'स्व्यातोगोर' या युद्धनौकेवर बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. जपानशी लढायला ताफा निघाला, त्यात त्याची बोट आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि मे महिन्यात जपानजवळ त्सुशिमा बेटापाशी बुडाली. पुढे याद्या आल्या. कैदेत पडलेल्यांत येव्सेय नव्हता आणि मेलेल्यांतही नव्हता. मग बाईने करायचं काय? आशा मोठी चिवट असते. तिने त्याचं नाव लाल चिठ्ठीत लिहिलं आणि दर आठवड्याला लिहीत राहिली.

समुद्र गोठला आणि येव्सेय दर रविवारी घरी येऊ लागला.

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. दुपारी तीनला दिवस मावळायला लागे. बर्फाला पाडलेल्या भोकात लोकांचे कपडे खळबळून ती परत यावी, तर हा चुलीपाशी, टोपी मांडीवर ठेवून बसलेला. खोलीभर ओल्या कोळशाचा वास. ती कोबीचं सूप वाढी आणि तो नुसता त्याच्या वाफेकडे बघत राही. सोमवारी उठावं तर बाकावर कोणी नसे, खाली पाण्याचं थारोळं असे. ते पुसताना एकदा बोट ओठाला लागलं. पाणी खारट होतं. क्रोनश्टाटच्या समुद्राचं पाणी तर इतकं गोडं, की बायका त्याचा चहा करतात. तरी पुढच्या रविवारी तिने लाल चिठ्ठीच लिहिली. भीती वाटत होतीच, पण तो त्याहून जास्त हवा होता.

आज चिठ्ठी देऊन ती बाहेर पडली, तर पायरीवर तेरेंती उभा. त्याच बोटीवरचा खलाशी, जपानच्या कैदेतून कालच सुटून आलेला. पार हाडांचा सापळा झाला होता.

"वहिनी, येव्सेयची वाट बघू नका," तो खाली बघत म्हणाला. "बोट कलायला लागली... पाणी वर चढू नये म्हणून बॉयलरच्या खोलीवरचं झाकण बंद करायचा हुकूम आला. मीच केलं बंद. आतून कोणीतरी ठोकत होतं..."

आग्राफेनाने त्याचे हात आपल्या हातात घेतले. हुकूम होता ना, मग घरी जा, आई वाट बघत असेल, एवढंच ती म्हणाली.

दुपारी येव्सेय आला.

"तेरेंती भेटला," ती म्हणाली.

आजवर त्याने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. आज सावकाश मान वर केली.

"पोचला का बिचारा... त्याला म्हणावं, झाकणाचं मनाला लावून घेऊ नको. पाणी आधीच आत आलं होतं."

"तू इतक्या लांबून येतोस तरी कसा?"

"समुद्राच्या तळातळानं... चालत. जाताना बोटीला सात महिने लागले होते. आता तुझी चिठ्ठी वाचली की आठवड्यात पोचावं लागतं."

"मग येत जा ना रे..."

"ग्रुशा, खाली निजलं की बरं वाटतं गं. नाव घेतलं की उठावं लागतं..." त्याने बर्फासारखा हात तिच्या हातावर ठेवला. "फार दमलोय."

ती त्याचे ओले केस विंचरत बसली, आणि सात महिन्यांचं रडू त्या संध्याकाळी रडून घेतलं.

पुढच्या रविवारी तिने काळी चिठ्ठी पुढे केली. पाद्र्याने नाव वाचलं आणि मायेने मान हलवली. मग तो लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलायला गेला, तर कागद एकमेकांना चिकटलेले. या बायका चिठ्ठ्या पाण्यात बुडवून आणतात की काय, असं पुटपुटत त्याने बोटं झग्याला पुसली. बाहेर आठवडाभर कोरडी थंडी होती.

सगळ्यात वरची चिठ्ठी लुकेर्याची होती. तिचा नवराही 'स्व्यातोगोर'च्या बॉयलरवरच होता. लुकेर्या शेजारीच उभी होती. तिने आग्राफेनाच्या काळ्या चिठ्ठीकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी लागली.

"तुझा बोलला वाटतं... माझा अजून बोलत नाही गं."

मागच्या रांगेतल्या बायांनी एकदम माना वर केल्या.