कासवाचे शेवटचे दोन तास

रविवारी संध्याकाळी पाच वाजून एकवीस मिनिटांनी पोलीस ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याला धड बोलता येत नव्हतं. "माझ्या भावाला कुणीतरी मारलंय," एवढं त्यानं तीनदा सांगितलं आणि पत्ता विचारल्यावर रडायला लागला.

इन्स्पेक्टर बाई पंधरा मिनिटांत पोचल्या. दुसऱ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड केलेलं टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि खुर्चीत बसल्या जागी पुढं कलंडलेला पन्नाशीचा माणूस. डोक्याच्या मागच्या बाजूला एकच घाव. खाली जुनी, जड इस्त्री पडली होती. तिची मूठ पुसलेली होती.

बाई बघत गेल्या, हवालदार लिहीत गेला. लॅपटॉप एक, चालू. चष्मा एक. कप एक, अर्धा भरलेला. पाकीट, चाव्या. स्वयंपाकघरात भांडीकुंडी, ओट्यावर मिक्सर, रिकामा चार्जर. मागच्या खोलीत एक मोकळा पलंग, त्याला बांधलेली घंटी, आणि भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो. फोटोखाली दोन वर्षांपूर्वीची तारीख होती, अठरा ऑगस्ट. तीन खोल्यांची यादी एका पानात संपली.

लॅपटॉपवर पोकर खेळण्याच्या साइटचं पान होतं. 'पुन्हा लॉगिन करा' असं त्यावर लिहिलेलं.

"बराच वेळ हात लावला नाही की ही पानं रुसतात," हवालदार म्हणाला. तो स्वतः फोनवर रमी खेळायचा, त्यामुळे या विषयात आपला शब्द शेवटचा असं त्याला वाटे. बाईंना पत्त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी मान डोलावली, आणि तिथंच त्या चुकल्या.

फोन करणारा धाकटा भाऊ जिन्यात बसला होता. त्याच्या बाहीला रक्त लागलं होतं.

"किती वाजता आलात?"

"पाच. पाच-पाच."

"भाऊ जिवंत होता?"

"नाही. मी हलवून पाहिलं. दादा थंड पडला होता."

"मग आम्हाला फोन पाच एकवीसला कसा?"

"मी खाली बसलो, मॅडम. किती वेळ बसलो ते नाही सांगता येणार. मग आधी वहिनीला फोन केला, मग तुम्हाला."

"आलात कशाला? शेजारी म्हणतात, महिनाभर तुमचं बोलणं बंद होतं."

"आईला कुणी सांभाळायचं यावरून वाजलं होतं." त्यानं डोळे पुसले. "आज मोठी स्पर्धा होती. सहाशे बारा जण. मी दोनलाच बाद झालो, मग घरी बसून दादाचं टेबल बघत होतो. कुणालाही बघता येतं. दादा चुकीचं खेळायला लागला. त्याला काहीतरी झालंय असं वाटलं, झटकाबिटका आला असेल. फोन उचलेना, म्हणून धावत आलो."

"पत्ते चुकीचे खेळला म्हणून?" हवालदाराला हसू आवरेना.

"दादा तसं खेळत नाही हो!" धाकटा ओरडला. "त्याला सगळे कासव म्हणतात. साधा डाव सोडायचा तरी वीस सेकंद विचार करणार."

बाईंनी साइटच्या कंपनीला फोन लावला. उत्तर सरळ होतं: कासवाच्या खात्यातून शेवटची खेळी पाच वाजून तेरा मिनिटांनी झाली. शेजारणीनं धाकट्याला पाच वाजता आत जाताना पाहिलं होतं. खोलीतला एसी जोरात चालू असल्यामुळे डॉक्टर तीन ते साडेपाच यापेक्षा नेमकं काही सांगायला तयार नव्हते. हिशेब सोपा होता. धाकटा आत गेल्यावर आठ मिनिटं मोठा खेळत होता, म्हणजे जिवंत होता. धाकट्याला रात्र व्हायच्या आत कोठडीत घातलं.

त्याआधी मयताची बायको आली होती. सावळी, शांत, कपाळावर घाम. ती सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती आणि रविवारी साडेतीन ते सहा तिची पाळी असे. नवऱ्याकडे एकदा बघून ती मागच्या खोलीत जाऊन बसली. पोलीस निघताना तिनंच हवालदाराच्या हातात एक फोन दिला. "हा यांचा. स्वयंपाकघरात चार्जिंगला होता."

धाकट्याला नेताना ती दारात उभी होती. "वहिनी, तू तरी सांग ना यांना!" तो म्हणाला. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

सोमवारी बाई वाचनालयात गेल्या. तिथल्या शिपायानं छाती ठोकून सांगितलं, "आमच्या बाई साडेतीनला आल्या त्या जागेवरून हलल्या नाहीत. चाळीस जणांनी बघितलंय."

"नेहमीसारख्याच होत्या?"

"तशा होत्या. म्हणजे, जरा फोनवर होत्या काल. एरवी कुणी फोन काढला की खेकसतात. मी मनात म्हटलं, आज देवानं बुद्धी दिली. हातातल्या फोनवर काहीतरी करत होत्या, तेवढ्यात पर्समधला वाजला. तो घेतला आणि चेहराच उतरला. दिराचा होता म्हणे."

बाई दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि परत आल्या.

"पुन्हा सांगा. कोणता फोन वाजला?"

शिपायानं पुन्हा सांगितलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

दुपारी कंपनीकडून कासवाच्या सगळ्या डावांची नोंद आली. सत्तावीस पानं. बाईंनी ती कोठडीत नेली, धाकट्यासमोर ठेवली आणि समोर स्टूल ओढून बसल्या.

"मला शिकवा."

"काय?"

"हा खेळ. मी ढ आहे असं समजा."

त्यानं शिकवलं. आधी चिडून, मग हळूहळू भान विसरून. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. ते फक्त त्याचे, बाकी पत्ते मधे सगळ्यांचे. पाळी आली की तीन बटणं. डावीकडचं फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून डावातून बाहेर. मधलं, चालू बोलीइतकं लावून पुढं. उजवीकडचं, बोली वाढवायची.

"आणि कुणी बोली वाढवलीच नाही तर?"

"प्रत्येक डावात एकाला सक्तीनं आधीच लावावं लागतं. फिरत फिरत सगळ्यांवर ती पाळी येते. मग बाकीच्यांनी वाढवलं नाही, तर त्या माणसाला आणखी काही न लावता पुढचे पत्ते बघता येतात. फुकटात. तिथं कुणी पत्ते टाकत नाही, मॅडम. पहिल्या दिवशी खेळणारासुद्धा नाही."

"दादानं टाकले?"

धाकट्यानं पानं उलटली. बोट ठेवत गेला. "हे बघा. हे. हे पण. मी बघत होतो तेव्हा दोनदा झालं होतं. इथं तर अकरा वेळा आहे." त्यानं पान उलटलं. "आणि इथं दोन एक्के हातात असताना टाकलेत. दोन एक्के, मॅडम! याहून मोठी जोडी नाही. दादा मेला असता तरी त्यानं टाकले नसते."

हवालदारानं खोकून विषय बदलायचा प्रयत्न केला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं.

"कळ चुकून दाबली गेली असेल?"

"नाही. फुकटात बघता येत असताना फोल्ड दाबलं की साइट विचारते, 'काही न लावता थांबता येतंय, तरी पत्ते टाकायचे?' पुन्हा हो म्हणावं लागतं. अकरा वेळा हो म्हटलंय. दोन-दोन सेकंदांत."

"गैरहजर राहिला तर साइट आपोआप पत्ते टाकते ना?"

"टाकते, पण तशी नोंद वेगळी. तीन अकरापर्यंत दादा खेळलाय, वीस-वीस सेकंद घेऊन. मग गैरहजर. तीन अठराला एकदा फोल्ड. मग तीन चौतीसपर्यंत परत गैरहजर. तिथून पाच तेरापर्यंत नुसतं फोल्ड, फोल्ड, फोल्ड. एकदासुद्धा दुसरं बटण नाही."

"हा खेळ फोनवर खेळता येतो?"

"येतो की. एकाच खात्यातून. फोनवर उघडलं की लॅपटॉपवरचं आपोआप बंद होतं, पुन्हा लॉगिन मागतं."



"शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "गेल्या काही दिवसांत तुमचं आणि वहिनीचं काय बोलणं झालं?"

"काही नाही. शुक्रवारी वाचनालयात गेलो होतो. दादाशी समेट करून दे म्हणायला. तिला जुना फोटो दाखवला. दादा मागं एकदा मोठ्या स्पर्धेत तिसरा आला होता, तेव्हा त्यानं मला टेबलापाशी बसून काढून पाठवला होता. म्हटलं, मला त्याचा अभिमानच आहे गं."

"तो फोटो बघू."

जप्त केलेल्या सामानातून हवालदारानं धाकट्याचा फोन आणून दिला. फोटोत तोच लॅपटॉप होता, तीच भिंत, हसणारा कासव. खाली वेळ होती दुपारी चार वाजून बत्तीस मिनिटं. तारीख दोन वर्षांपूर्वीची, अठरा ऑगस्ट.

बाईंनी फोन पालथा ठेवला. धाकटा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला काहीच उमगलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी बाई आणि हवालदार त्या घरी गेले. ग्रंथपाल मागच्या खोलीत, आपल्या वडिलांच्या पलंगावर बसली होती. तिनं उठायचा प्रयत्न केला नाही.

"बसूनच ऐका," बाई म्हणाल्या. "चुकलं तर सांगा. तुमचा नवरा पाचला नाही, सव्वातीनच्या आधीच गेला. त्यानंतर त्याच्या खात्यातून दुसरंच कुणीतरी खेळत होतं. लॅपटॉपवर नाही, फोनवर. लॅपटॉपचं पान त्यामुळे बंद पडलं. हा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता म्हणालात. आमच्या यादीत स्वयंपाकघरात नुसता चार्जर आहे. फोन तुम्ही घरी आणलात."

ती ऐकत होती.

"वाचनालयात तुमच्या हातात एक फोन होता आणि वाजला पर्समधला. पर्समधला तुमचा. मग हातातला कुणाचा? दिरानं तुम्हाला कळवलं तेव्हा पाच चौदा झाले होते, आणि पाच तेरानंतर कासव एकदाही खेळलं नाही. जो खेळत होता त्याला हा खेळ येत नव्हता. तुमचा दीर झोपेतसुद्धा असं खेळला नसता. ज्यानं हा खेळ वर्षानुवर्षं पाठीमागून पाहिलाय पण ज्याला तो कुणी शिकवला नाही, असा माणूस मी शोधत होते. या घरात असं एकच माणूस आहे."

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "चहा द्यायला जायचे. कधी विचारलं तर म्हणायचे, तुला नाही कळायचं. ते दहातनं नऊ वेळा डावीकडचंच बटण दाबायचे. मला वाटलं, तेच दाबायचं असतं."

हवालदारानं लिहिणं थांबवलं आणि परत सुरू केलं.

"तुमच्या वडिलांचं काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

"त्यांना उठता येत नव्हतं. म्हणून ही घंटी. त्या दिवशी माझी वाचनालयात पाळी होती. यांनी पाच वाजता फोन केला, म्हणाले, मी दुपारभर बाहेर होतो, आत्ता येऊन बघतो तर बाबा गेलेले. दोन वर्षं मी तेच धरून होते. उलट यांनाच धीर देत होते." तिनं पलंगाच्या घंटीकडे पाहिलं. "शुक्रवारी भावजींनी फोटो दाखवला. बाहेर कुठं होते? इथंच होते. दहा पावलांवर."

"रविवारी तुम्ही विचारलंत."

"इस्त्री करत होते मी. म्हटलं, खरं सांगा, बाबांनी घंटी वाजवली होती का? यांनी मानसुद्धा वळवली नाही. म्हणाले, 'वाजवली ना. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा. शेवटचं टेबल होतं.' आणि मला म्हणाले, आता बोलू नकोस, चांगला डाव आलाय."

 बाईंना त्या मेलेल्या माणसाचा मनापासून राग आला, आणि अशा वेळी राग आवरण्याचाच आपल्याला पगार मिळतो हेही आठवलं.

"तुम्हालाच फोन करायला यांचा फोन उचलला होता," ती म्हणाली. "खरंच सांगते. तेवढ्यात तो हातात थरथरला. 'तुमची पाळी.' मी दाबलं. काही झालंच नाही. पुढचा डाव सुरू झाला. यांच्याशिवाय सगळं नीट चाललं होतं. मग वाटलं, जोवर मी दाबतेय तोवर हे जिवंत आहेत असंच लोक धरतील. इस्त्री पुसली आणि कामावर गेले."

"आणि दिराला नेलं तेव्हा?"

"ते येतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. सांगायला तोंड उघडत होते, शब्दच फुटेना. रोज ठरवत होते." ती उठली, चपला शोधायला लागली. "त्यांना आधी सोडा. मी कुठं सही करायची ते दाखवा."

दुपारी बाई स्वतः कोठडीपाशी गेल्या. हवालदारानं कुलूप काढलं. धाकट्यानं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं, मधे एकदाच "वहिनी?" असं म्हणाला. मग त्यानं चपला घातल्या आणि शर्टाची चुरगळलेली कॉलर सरळ केली.

"एक कळत नाही, मॅडम," तो म्हणाला. "दोन वर्षं तिला माहीत नव्हतं. मग आत्ताच कसं कळलं? तिला कुणी सांगितलं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण जबाबात ते लिहिलेलं होतं, आणि भर कोर्टात त्याच्यासमोर कुणीतरी ते मोठ्यानं वाचणार होतं.

"तुम्ही दाखवलेल्या फोटोवर तारीख होती," त्या म्हणाल्या.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो परत आत गेला आणि बाकावर बसला. हवालदार बराच वेळ दार उघडं धरून उभा होता.