लाल-निळ्या काठाचं पाकीट

"उद्या ये!" पोस्टमास्तर नानांनी मान वर न करताच सांगितलं.

चारूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मे महिन्याच्या सुट्टीतली ही सातवी 'उद्या'!

"नाना, पाच महिन्यांत एकही पत्र नाही? असं कसं होईल?"

"अमळनेरहून थैली येते, ती मी सुकदेवच्या हवाली करतो. तो वाटतो. आणखी काय करू?" नानांनी खिडकी लावूनच घेतली.

बाहेर हाना उन्हात उभी होती. चारूचा चेहरा बघूनच ती काय ते समजली.

हाना चेकोस्लोव्हाकियाची. गावच्या नव्या सूतगिरणीत यंत्रं बसवायला तिचे वडील जानेवारीत आले, ते बायकोमुलीला घेऊनच. तेव्हापासून शेजारची, थोडंफार इंग्रजी येणारी चारू त्या घराची बिनपगारी दुभाषी झाली होती, आणि पार वैतागली होती. हानाच्या आईने, मार्ताबाईंनी, पडद्यांचं कापड शिंप्याला दिलं, तर त्याने चार परकर शिवून ठेवले! पिठाच्या गिरणीत गहू पाठवले, तर डब्यात ज्वारीचं पीठ आलं! धड एक काम होईल तर शपथ.

पण पत्रांचं दुखणं निराळं होतं. हाना निघाली तेव्हा तिच्या आजीचा पाय मोडला होता. खेड्यातल्या आजीकडे फोन नव्हता. आजी दर पंधरवड्याला लिहिणार होती, पण एक ओळ आली नव्हती. मार्ताबाईंनी सामान बांधायला घेतलं होतं. शनिवारपर्यंत पत्र आलं नाही, तर रविवारी मायलेकी परत जाणार!

"आजी... नाही का आता?" हानाने हळूच विचारलं.

चारूने तिचा हात धरला. "वेडी आहेस का! पत्रं येतात आणि वाटेतच कुठेतरी जिरतात. आपण शोधून काढू!"

"कसं?" बरोबर आलेला चारूचा धाकटा भाऊ गोकुळ म्हणाला. "पत्राच्या मागे कोण पळणार?"

"आपणच! हानाला आपणच पत्र टाकायचं!"

त्याच दिवशी, बुधवारी, त्यांनी परदेशी पत्रांसारखं लाल-निळ्या काठाचं पाकीट घेतलं, त्यावर इंग्रजीत हानाचा पत्ता लिहिला आणि पेटीत टाकलं.

शुक्रवारी सकाळी तिघं हानाच्या घराजवळ कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागे दबा धरून बसली.

"मला पऱ्हाटी टोचतेय!" गोकुळ कुरकुरला.

"गप! आले बघ!"

पोस्टमन सुकदेवभाऊंची सायकल खडखडत आली आणि हानाच्या घराकडे न वळता सरळ पुढे गेली! तिघं मागोमाग पळाली. सायकल थांबली ती जीवराम आबांच्या ओट्यापाशी.

"ओ आबा! परदेशनं टपाल उनं!"

"थांबा!" चारू ओरडली. "ते पत्र हानाचं आहे! मीच टाकलंय!"

सुकदेवभाऊंच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. "हे टपाल हानानं? पन परदेशनं टपाल तं आबानंच ऱ्हास! यास्ना पोऱ्या लीलाधर अमेरिकामा शे ना. माले कोठे इंग्रजी येस? लाल-निळा काठ दखा का आबानं घर!"

"म्हणजे काठ बघून सगळी पत्रं इथेच दिलीत? पण आबा, तुम्ही ती उघडली नाहीत?" चारूने कपाळावर हात मारला.

"आमले कोठे वाचता येस? आन घरना कागद परकाकडथून कशा वाची लेवाना?" आबा म्हणाले. "धुळे गावना भाचा दिवाळीले येस. तोच फोडस, तोच वाचस."

आबांच्या पत्नी, धुरपदा अक्का, आत गेल्या आणि देव्हाऱ्यामागून पत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. प्रत्येक पाकिटावर हळदकुंकू! एकूण अकरा.

हानाने झडप घालून पहिलं फोडलं. मग दुसरं, मग तिसरं. "आजी चालते! काठी घेऊन चालते! आणि रागावली आहे, आम्ही उत्तर का देत नाही म्हणून!" ती हसतही होती आणि रडतही होती.

अक्का मात्र बघतच राहिल्या. "बठ्ठा कागद तिनाच शेतस का? यामा मन्हा लीलाधरना एकबी नही?"

आता चारूच्या रागाचं पाणी झालं. इतके महिने अक्का परक्याच आजीची पत्रं देवाजवळ जपत होत्या! तिने भराभर तिकिटं तपासली. आठवं हानाचं, नववं हानाचं, दहावंही हानाचं. आणि अगदी तळाला...

"अक्का, अमेरिकेचं तिकीट! हे तुमचं! वाचू?"

आबांनी अक्कांकडे पाहिलं. मग मान हलवली. "वाच, बेटा. तू काय परकी शे?"

"'ती. आबा-अक्कांना साष्टांग नमस्कार. बायकोमुलांसह सतरा मेला, रविवारी जळगावला उतरतो. स्टेशनवर या...'" चारू किंचाळली, "अहो, सतरा म्हणजे परवा!"

"माय व! मन्हा पोऱ्या परवा ई ऱ्हायना, नि आम्ही दिवाळीनी वाट दखी ऱ्हायनूत!" अक्कांनी चारूला पोटाशी धरलं आणि हानालाही ओढून घेतलं.

रविवारी मार्ताबाई स्टेशनवर गेल्या खऱ्या, पण सामान न घेता, आबा-अक्कांबरोबर. लीलाधरच्या मुलांना उतरताना बघून त्या चारूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. पोस्टमास्तर नानाही आले होते. "पोरांनो, माझ्या नाकाखालचं मला दिसलं नाही. तुम्ही मात्र छडा लावलात!" ते म्हणाले.

सुकदेवभाऊ मागे कान खाजवत उभे होते. "चारू, माले इंग्रजी अक्षरे शिकाडशी का?"

चारूने अगदी नानांसारखी मान खाली घातली.

"शिकवते की! उद्या या!"