पाळतीवरचा रविवार

क्रीडा संकुलाच्या फाटकाबाहेर भजी तळून निघत होती अन् रुद्राणीचे पाय तिथंच अडकले. सकाळपासून पोटात काय, तर दोन काकड्या अन् ताक! हात पर्सकडं गेला, तोच मागून आवाज आला—

“आधी पाणी प्या. एक चक्कर मारून या. तरी भूक राहिली, तर खा बिनधास्त.”

गुबगुबीत गडी, हातात फुटाण्यांची पुडी, डोळ्यांत हसू. याला कुणी विचारलं होतं? पण पाणी प्यायली बाई ती, अन् भूक खरंच जराशी मावळली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही. फुटाणे अर्धे अर्धे करायचा, हसवायचा, अन् नाव विचारलं की... विषयच बदलायचा! रुद्राणीच्या मनात पाल चुकचुकली. नांदेडची मंडळी तिला बघून गेली होती. मुलगा आलाच नव्हता, नुसती त्याची आई अन् मावशी, अन् दाखवायला त्याचा एक फोटो. पोहे खाऊन म्हणाल्या, “पोरगी छान हाय, जरा वजन उतरवा, मग बोलू.” हा त्यांनीच पाळतीवर ठेवला असंल तर? अन् आपण वेडी, रविवारची वाट बघून राहिलो!

“विष्णुपुरीला मी रोज चालतो ना—” एकदा त्याच्या तोंडून निसटलं.

“म्हणजे नांदेडचे!” ती थबकली. “माझं किती उतरलं, ते तिकडं सांगता होय? मला... मला तुम्ही आवडायला लागला होता हो!”

तो पार ओशाळला. “मीच तो मुलगा. मन्मथ.”

“खोटं! फोटोतला तर नुसती काडी हाय.”

“कॉलेजातला फोटो तो. आईनं मुद्दाम दिला. स्वतःचं पोरगं असं, अन् अट तुम्हाला! लाज वाटली. तुम्ही रविवारी इथं येता असं कळलं, म्हणून माफी मागायला आलो... पण तुम्ही भज्यांकडं असं बघत होता, की धीरच झाला न्हाई. तवापासून मीबी रात्रीची भाकर अर्धी केली. भूक लागली की तुमची आठवण येते.”

“माझी, का भज्यांची?”

“दोन्हींची... पण आधी तुमची.”

तिनं हसू ओठांत दाबलं. “आता माझी अट ऐका. आईंना घेऊन जेवायला या. पोहे मिळणार न्हाईत. अन् मी वाढणार न्हाई, तुमच्या शेजारी बसून पोटभर जेवणार.”

“अन् होकार?”

“माझ्या ताटात दुसरी पोळी तुम्ही वाढायची. आईंच्या देखत. मग सांगते.”

“तिसरीबी वाढतो की!” मन्मथ म्हणाला, अन् पुडीतले सगळे फुटाणे त्यानं तिच्या ओंजळीत ओतले.