सायंकाळचा व्यत्यय

मौनखोऱ्यात मोबाइलला बंदी होती, मायक्रोवेव्हला बंदी होती आणि गाड्या फक्त डिझेलच्या. पेट्रोलगाडीतली ठिणगीसुद्धा खोऱ्यातल्या रेडिओ दुर्बिणीला आरडाओरडा वाटते. भांडायचं तर समोरासमोर जावं लागे, त्यामुळे खोऱ्यात भांडणं कमी होती.

एवढ्या शांततेत एकच गोंगाट अधिकृत होता : दुर्बीण उभारणाऱ्या डॉ. शर्वरी खांबेटे यांच्या नवऱ्याचं हृदय. मिलिंदच्या छातीतलं यंत्र प्रत्येक ठोका रेडिओलहरींनी दवाखान्याला कळवायचं. नवरा की विश्व, असा प्रश्न आला तेव्हा शर्वरीने दोन्ही ठेवले. तिने 'वजावटयंत्र' बनवलं. मिलिंदच्या दिवसभराच्या ठोक्यांची चाल ते इतकं शिकलं, की पुढचा ठोका आधीच ओळखून आकाशाच्या नोंदीतून वजा करायचं.

मिलिंद गेला. यंत्राला कोणी कळवलं नाही.

"म्हणजे दादा नाही, तरी ते वजा करतंय?" तेराव्यानंतर वेधशाळेत आलेल्या नणंदेने, वैशालीने विचारलं.

"हो. नाही त्यातून वजा केलं की खड्डा पडतो. हे बघ."

पडद्यावरच्या रेषेत बारीक खड्डे पडत होते. ठोक्याला एक.

"बंद नाही केलंस?"

"करायचंय. पहिले तारे पेटण्याआधीचा हायड्रोजन जन्मभर शोधतेय मी. त्याची कुजबुज या खड्ड्यांत हरवते."

साडेआठ वाजले आणि खड्डे भराभर पडू लागले.

"हे काय गं?"

"सायंकाळचा व्यत्यय. पूर्वी सातला यायचा. तो बघावा म्हणून मी उशिरापर्यंत थांबायला लागले, तर आठला सरकला. मग साडेआठला. मी इथे असले की यायचा नाही, गेले की यायचा. कारण सापडलंच नाही. यंत्र मात्र तोही शिकून बसलं."

वैशाली तिच्याकडे वळली. "वहिनी, तू घरी किती वाजता पोचायचीस?"

शर्वरीची नजर पडद्यावरच्या घड्याळाकडे गेली.

"फाटकाची कडी वाजली की दादा केस विंचरायला पळायचा," वैशाली म्हणाली. "टक्कल पडल्यावरसुद्धा. मी किती चिडवायचे."

खड्डे संथ होत गेले. दोघं जेवायला बसल्यासारखे. तेवढं होईपर्यंत शर्वरी थांबली. मग तिने वजावटयंत्राचं बटण दाबलं.

जगातलं सर्वांत स्वच्छ आकाश मौनखोऱ्यात उतरलं. शर्वरी ते ऐकत बसली. कितीही वाजले, तरी व्यत्यय आला नाही.