वांग्याच्या वाफ्याखाली

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझे भुजंगमामा अजून हयात आहेत, औशात राहतात.

जानेवारी २००३. दिल्ली. एका बड्या राष्ट्रीय नेत्याच्या सरकारी बंगल्यामागची भाजीची बाग. नेत्याचं नाव विचारू नका, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

मामा तिथं माळी होते. किल्लारीच्या भूकंपात घर गेलं, बायको सगुणाबाई गेली. उरली एकटी लेक, अयोध्या. ती आता डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला बारावीचे क्लास करत होती. मामांचा सगळा जीव त्या पोरीत.

दिल्लीच्या मातीत वांग्याला चव नाही, असं मामांचं ठाम मत. म्हणून दिवाळीला गावी गेले तेव्हा पडक्या घराच्या जागेवरून त्यांनी पोतंभर काळी माती आणली आणि वाफ्यात घातली. वांगी अशी धरली की बंगल्याचा आचारीसुद्धा खूश झाला.

त्या दुपारी मामांनी पाण्याची नळी बंद केली.

आणि वाफ्याखालून आवाज आला...

ठक. ठक. ठक.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

भूकंपाच्या दिवशी ढिगाऱ्याखालून सगुणाबाई अशीच ठोकत होती. वरवंट्यानं. मामा हातांनी दगड उपसत होते. दुपारी आवाज थांबला. "संपलं," लोक म्हणाले. मामाही थांबले.

संध्याकाळी पुन्हा एकदा ठक झालं होतं. मामांनी ऐकलं. भास समजून ते उठले नाहीत.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. अयोध्येलाही नाही.

मामा वाफा उकरू लागले. वांग्याची झाडं उपटून पडली. उदगीरचा बसवराज, बंगल्यावरचाच दुसरा माळी, धावत आला.

"याड लागलं का रं भुजंगा? नोकरी जाईल!"

"आरं ऐक की! ती हाय खाली!"

बसवराजनं जमिनीला कान लावला. त्याचा चेहराच उतरला...

त्यालाही ऐकू येत होतं.

कमरेइतका खड्डा झाला, तरी आवाज खालूनच.

भूकंपात आमच्याकडे एक रीत पडली होती. ढिगाऱ्याखालच्या माणसाला ओरडून सांगायचं, घरातलं कोण वाचलं, कुठं आहे. त्याला तेवढाच धीर. मामांनी तेच केलं.

"सगुणे, पोरगी जित्ती हाय! लातुरात औसा रोडला ऱ्हाती, तळमजल्याला खोली हाय! लई हुशार निघाली गं!"

आवाज थांबला.

मामा ढसाढसा रडले.

तासाभरात बंगल्याच्या गेटवरच्या चौकीत फोन आला. पीसीओवरून अयोध्या बोलत होती.

"आबा... माझ्या खोलीत फरशीखालून कुणीतरी ठोकायलंय."

"परत जाऊ नको! खोलीत पाऊल टाकू नको!"

फोन कधीच कट झाला होता...

तिसऱ्या दिवशी मामा लातूरला पोचले. खोली आतून बंद. पोरगी अभ्यास करत असेल म्हणून घरमालकानंही दार वाजवलं नव्हतं.

मामांनी दार फोडलं.

फरश्या उखडलेल्या. कमरेइतका खड्डा. आणि त्यात अयोध्या... नखं तुटलेली, तरी उकरतच होती.

तिनं वर पाहिलं.

"आबा, या लवकर. त्या सांजच्याला आईनं ठोकलं, तवा तुम्ही उठलाच न्हाई. आता तरी उठा."

परीक्षा राहिली ती राहिलीच. मागच्या महिन्यात मी औशाला गेलो होतो. बापलेक शेजारी शेजारी बसले होते, चहा घेत होते. दोघांच्याही नखांत ओली माती होती.