उन्हाकडं फिरणाऱ्या प्लेटा

नरसी गावाच्या अलीकडंच शितलची बॅटरीची सायकल बंद पडली. मागं शिवलेल्या ब्लाऊजांचं गाठोडं, वर चैताचं ऊन... ढकलत ढकलत ती सुदामच्या टपरीशी आली. तो सोलरवर सायकली चार्ज करून द्यायचा. बैलगाडीचं जुनं चाक आडवं टाकून त्यावर सोलरच्या प्लेटा बसवलेल्या. ऊन सरकलं की चाक फिरवायचं. भाऊ पुण्याला गेला, तेव्हापासून एकट्याला ते हलंना.

"सायकल लावतो, बाई. जरा हात लावता का?"

"गिऱ्हाईकाला कामाला जुंपता व्हय?"

"ऊन माझं ऐकंना... काय करू?"

तिनं हसू पदराआड दाबलं. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झालेली. विधवेचं हसूही मोजतात गावातल्या बाया, मेल्या!

मग ती रोज दुपारी येऊ लागली, बॅटरी भरलेली असली तरी. तापल्या लोखंडाचा चटका बसू नये म्हणून तो तिच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळून ठेवायचा. बोलणं थोडंच. पण फडक्यातलं तिला कळत होतं.

एकदा टपरीत गोणपाटाखाली तिला नवीकोरी मोटर दिसली. प्लेटा आपोआप फिरवणारी.

"कधी आणली?"

"झाला महिना."

"मग काहून बसवून न्हाई राहिले?"

तो वायर गुंडाळत राहिला. खाली बघूनच म्हणाला, "बसवली तर... तुमी कशाला येताल?"

तिला घर आठवलं. घरी सासू, अनुसयाबाई. लेक गेल्यापासून सुनेच्याच आधारानं दोन घास गिळणारी.

"बसवा मोटर."

त्याचं तोंड उतरलं.

"निमित्त काढून येणारी बाई मी न्हाई, सुदामराव. आले तर सासूला सांगून येईन. न आले तर... समजून घ्या."

भाकरी थापता थापता तिनं सासूला सगळं सांगितलं. अनुसयाबाईनं ताट दूर सरकवलं. दोन दिवस घरात चूल पेटली, पण शब्द फुटला न्हाई. तिसऱ्या दुपारी म्हातारीनं चपला घातल्या.

"चल. मागं बसता येईल का मला तुझ्या सायकलीवर?"

टपरीशी उतरून तिनं सुदामला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"लेक गेला माझा. आता सून बी नेतो व्हय रे?"

"नेत न्हाई, मावशी," त्यानं हात जोडले. "तुमी दोघी चला माझ्या घरी."

म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. मग खेकसली, "बोलायला लई शहाणा! उन्हातून आलेल्या माणसाला पाणी तरी विचार."

सुदाम माठाकडं वळला. तोवर शितलनं तांब्या भरला होता... आपल्याच घरात भरावा तसा.